पट्टीताईचा दादा

कारखान्यात तिला सगळे पट्टीताई म्हणायचे. चिकटपट्टीचं काळं भेंडोळं ती बांगडीसारखं मनगटात अडकवून फिरायची आणि कुठे काही लुकलुकताना दिसलं की टर्रकन तुकडा फाडून त्यावर चिकटवून टाकायची. चार्जरचा दिवा, पंख्याच्या बटणाचा दिवा, छतावरच्या धुराच्या घंटीचा दिवा, काही सुटायचं नाही. एकदा तर मोठ्या साहेबांच्या लॅपटॉपवर तिने पट्टी मारली, आणि साहेब समोर बसलेले होते. साहेबांनी नुसता लॅपटॉप जरा मागे सरकवला. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तो कारखाना कॅमेरे बनवायचा, पण फोटो काढायचे नव्हेत. हे कॅमेरे माणसाला हात न लावता त्याची नाडी मोजायचे. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची लाट चेहऱ्यापर्यंत येते आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. इतका किंचित, की आईलासुद्धा आपल्या लेकराच्या गालावर तो दिसायचा नाही. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला मात्र दिसतो, आणि हिरव्या उजेडात सगळ्यात चांगला दिसतो. एवढीशी ती लुकलुक पकडायची, मिनिटात किती वेळा होते ते मोजायचं आणि आकडा दाखवायचा. म्हणून खोलीत दुसरं काही लुकलुकता कामा नये. म्हणून ती पट्टी.

तपासणीच्या खोलीत एक खुर्ची होती आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर कॅमेरा. खुर्चीत कोणालाही धरून बसवायचं, कधी ड्रायव्हर, कधी पहारेकरी. बोटाला चिमटा लावायचा, तो खरी नाडी सांगणार. कॅमेरा त्याची सांगणार. दोन्ही जुळले की पास. बसणाऱ्याने हलायचं नाही, बोलायचं नाही. कोणी फिदीफिदी हसायला लागलं की पट्टीताई ओरडायची, "हसू नका हो, नाडी सांडते!" आणि मग तर सगळ्यांनाच हसू फुटायचं.

एकदा पहारेकरी आपला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून चहाला गेला आणि कॅमेऱ्याने कोटाची नाडी दाखवली. चांगली ठणठणीत. लोक पोट धरून हसले. कोटाला आता पगारही सुरू करा म्हणाले. पट्टीताईने इकडेतिकडे पाहिलं, मागच्या भिंतीवर एक दिवा लुकलुकत होता, त्याचा उजेड कोटाच्या बटणांवर पडत होता. तिने स्टूल ओढलं, वर चढली, पट्टी मारली, आणि कोट मेला.

तेव्हापासून कोणी नवीन माणूस आलं की ती त्याला दोन गोष्टी सांगायची. एक, कॅमेऱ्याला कशातलं काही कळत नाही, खरी नाडी मिळाली नाही तर जे लुकलुकेल त्यालाच तो नाडी म्हणेल. आणि दुसरी, जिवंत माणसाचा आकडा कधी एका जागी बसत नाही. श्वास घेतला की थोडा वर, सोडला की थोडा खाली. आकडा गप्प बसला की समजायचं, पाणी मुरतंय. हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की लोक तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायचे.

घरी तिला एक दादा होता, आणि दादाशिवाय कोणी नव्हतं. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादाच्या ओठावर नुकती मिसरूड फुटत होती. आई हॉस्पिटलात वारली. शेवटच्या घटकेला दोघांपैकी एकही जवळ नव्हतं. दादा औषध आणायला धावला होता आणि ही बाहेरच्या बाकावर झोपली होती. परत येऊन पाहतो तर चादर तोंडावर ओढलेली. दादा तेव्हा रडला नाही. पण पुढे आयुष्यभर अधूनमधून म्हणायचा, "चिमे, एवढंच कर. मला एकट्याला जाऊ देऊ नको."

तीही म्हणायची, "मेल्या, आधी मीच जाते की नाही बघ." भावाबहिणींची बोलायची एक रीत असते. पण शब्द दिला होता, आणि तो दोघांनाही पक्का आठवत होता.

दादा दुकानांचे बोर्ड रंगवायचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा तो शहरात एकटाच, असं तो स्वतःच सांगायचा. बहिणीला त्याने शिकवलं, नोकरीला लावलं, तिच्यासाठी दोन स्थळं आणली आणि तिने मोडली तेव्हा आदळआपट केली. स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. मग छापील बोर्ड आले. दादाचे ब्रश डब्यात वाळत पडले, आणि एका सकाळी दाढी करताना त्याचा उजवा हात वस्तऱ्यासकट खाली आला तो परत वर गेला नाही. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तोंडातून निघायचं ते नुसतं ओढलेलं काहीतरी. डावा हात तेवढा राहिला. त्या हाताने तो हवं नको सांगायचा आणि राग आला की वाटी ढकलून द्यायचा.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. हृदयही कमजोर झालंय म्हणाले, आज आहे उद्या नाही असं समजा. फार करण्यासारखं काही नाही.

तिने रडारड केली नाही. मरण तिने तिथल्या तिथे मान्य करून टाकलं. तिची मागणी एवढीच उरली, की जाताना आपण त्याचा हात धरून असावं. फार मोठी मागणी नव्हती. पण ती दिवसभर कारखान्यात आणि दादा घरी पलंगावर. सकाळी शेजारच्या काकू येऊन त्याला पुसून घ्यायच्या, पातळ काहीतरी भरवायच्या, आणि पुढे दिवसभर हातातलं काम टाकून दार ढकलून बघून जायच्या. "काय हो, झोप झाली का?" एवढंच विचारायच्या, पण विचारायच्या. तरी पट्टीताईचा जीव कामावर टांगणीलाच असायचा. फोन वाजला की हातातला कॅमेरा तसाच टाकून ती आधी तो उचलायची.

मग तिनेच ते डोकं लढवलं. काचेला चरा गेलेला एक कॅमेरा विक्रीतून बाद झाला होता, तो तिने इंजिनिअरकडे मागितला. इंजिनिअर हा चष्म्याआड लपून बसणारा एक लाजरा मनुष्य. त्याने कॅमेरा दिला आणि रविवारी घरी येऊन दादाच्या उशाशी बसवूनही दिला. तिच्या फोनवर फक्त आकडा दिसेल अशी सोय केली. चित्र येऊ द्यायचं नाही, हे तिनेच बजावून सांगितलं. दादाला पुसताना, चादर बदलताना कोणी पाहिलेलं आवडायचं नाही, आणि त्या माणसाची तेवढी तरी अब्रू ठेवायची होती. आकडा भलताच वर गेला किंवा खाली आला तर फोन बोंब मारणार. मग मिळेल त्या बसला लटकून ती घरी पोहोचणार आणि हात धरणार. हिशेब असा होता.

दादाला तिने समजावून सांगितलं. त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "हे बघ, आता मी तिकडे असले तरी तुझ्याजवळच आहे. यातून माझं सगळं लक्ष तुझ्याकडे असेल. कळलं?"

दादाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने तिचा हात थोपटला.

खोलीत तिने कारखान्यातल्यासारखीच मोहीम काढली. घड्याळ झाकलं, चार्जरवर पट्टी, टीव्हीच्या दिव्यावर पट्टी. उन्हाचं येणंजाणं नको म्हणून खिडकीला जाड पडदा लावला आणि दिवसरात्र एकच दिवा चालू ठेवला. ज्याचं सगळं आयुष्य रस्त्यावर उन्हात, रंगांत गेलं त्या माणसाला तिने एका चांगल्या आकड्यासाठी बंद खोलीत घातलं. दादा पडद्याकडे बोट करायचा. ती म्हणायची, "राहू दे रे, आकडा बिघडतो." पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, तिचा पंप पलंगाखाली पायथ्याला होता. त्यालाही एक हिरवा दिवा होता, पण तो तिथून कॅमेऱ्याला दिसणार नव्हता. तो तिने सोडला.

काकूंनाही ती सांगून आली, "आता तुमची धावपळ नको काकू. सकाळचं तेवढं बघा. बाकी मी बघतेच आहे इथून."

काकू म्हणाल्या, "अगं, मला कसली धावपळ?" पण त्यांचेही गुडघे दुखत होते. येणं हळूहळू कमी झालं. यंत्र आहे म्हटल्यावर माणसं आपली माघार घेतात, त्यात काकूंचं काय चुकलं?

सुरुवातीचे महिने बरे गेले. फोन तिच्यासमोर टेबलावर उघडा असायचा आणि आकडा जरा इकडेतिकडे डुलत असायचा. काकूंनी भरवायला घेतलं की चढायचा, दादाला डुलकी लागली की उतरायचा. तिला त्याच्याशी बोलल्यासारखं वाटायला लागलं. "काय रे, आज भात आवडला नाही वाटतं," असं ती पुटपुटायची आणि शेजारच्या टेबलावरची बाई तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायची.

त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, सगळ्यांना जास्त वेळ थांबायचं होतं. सकाळी आकडा जरा कमीजास्त झाला, मग स्थिर झाला. सहासष्ट. तिने चहाला जाताना पाहिलं, सहासष्ट. जेवताना पाहिलं, सहासष्ट. दुपारभर पाहिलं. आकडा ढळला नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या बाईला ती म्हणाली सुद्धा, "आज आमच्या दादाची तब्येत एकदम छान आहे. बघ ना, किती शांत पडलाय." आणि साहेबांनी विचारलं तेव्हा जास्तीच्या कामाला ती खुशीने हो म्हणाली. दुसऱ्या कोणाचा फोन असता आणि आकडा असा गप्प बसलेला दिसला असता, तर तिने त्याच्या हातातून तो हिसकावून घेतला असता. पण हा दादाचा आकडा होता. आपल्या माणसाचं बरं चाललंय असं दिसलं की त्यात खोट काढायला कोण जातं?

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढता काढता म्हणाली, "दादा, उशीर झाला रे." चादर सारखी करायला वाकली आणि तिचा हात त्याच्या हाताला लागला. हात गार होता.

तिने फोन पाहिला. सहासष्ट.

आणि तिने आकड्यावर विश्वास ठेवला. हे कोणाला खरं वाटायचं नाही, पण तसंच झालं. तिने त्याचे तळवे चोळले, अंगावर दुसरी चादर घातली, त्याच्या तोंडाजवळ कान नेला, काही ऐकू आलं नाही तेव्हा पुन्हा फोन पाहिला आणि काकूंना हाक मारली. काकूंनी दारातूनच पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. गल्लीतल्या डॉक्टरांना कोणीतरी घेऊन आलं. त्यांनी छातीला नळी लावली, पापणी वर केली, आणि म्हणाले, "ताई, बराच वेळ झालाय. सकाळीच गेलेत बहुतेक."

"काहीतरी काय बोलता!" ती ओरडली. "नाडी आहे त्याला! हे बघा. डोळे फुटलेत का तुमचे? सहासष्ट आहे!"

डॉक्टर भले होते. त्यांनी फोन हातात घेऊन पाहिला, मग तिला परत दिला.

तेव्हा ती वळली आणि तिला पंप दिसला. पंप पलंगाखाली नव्हता. उशाशी स्टुलावर होता. त्याचा हिरवा दिवा एका लयीत लागत विझत होता आणि त्याचा फिकट हिरवा डाग दादाच्या गालावर पडत होता. सकाळी काकूंनी फरशी पुसली होती. पाणी लागून शॉक बसायला नको म्हणून त्यांनी पंप उचलून वर ठेवला होता. गादीची नळी तिथवर पुरली म्हणून उशाकडे ठेवला होता.

पट्टीताईने पुढे होऊन दिव्यावर तळहात ठेवला. फोनवरचा आकडा जरा घुटमळला आणि गेला. हात काढला, आकडा आला. पुन्हा ठेवला. काकू विचारत राहिल्या, "काय गं, काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही." काकूंना तिने आजतागायत काही सांगितलेलं नाही.

क्रियाकर्म उरकल्यावर ती कामावर गेली, कारण घरी बसून करायचं काय? इंजिनिअरने तिला आपल्या खोलीत बोलावलं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच्याकडे होतं. बाहेर चित्र जात नसलं तरी तपासणीसाठी हे कॅमेरे आतल्या आत चित्र साठवून ठेवतात. त्याने ते पाहिलं होतं. चष्मा काढून तो पुसत बसला.

"ताई, प्रोग्रॅमची चूक आहे. माझी आहे. सगळं तुम्ही बघायला पाहिजे असं नाही."

"दाखवा."

"ताई, नका बघू."

"माझा भाऊ आहे ना? दाखवा."

त्याने लावलं. दादा पलंगावर. उशाशी पंप आलेला, गालावर हिरवा डाग. काकू केव्हाच गेलेल्या. मग दादाचा चेहरा आक्रसला आणि त्याने मान वळवली. दाराकडे नाही वळवली. कॅमेऱ्याकडे वळवली. सरळ तिच्या डोळ्यांत बघितल्यासारखं बघितलं आणि डावा हात वर केला. हात हलवला. ये, ये, असा. तोंडही हलत होतं. हात दमून खाली पडायचा, मग पुन्हा वर यायचा. दादा घाबरलेला दिसत नव्हता. ती बघते आहे, निघालीच असेल, अशा खात्रीने तो बोलावत होता. मग दाराकडे बघायचा, आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे. असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी शेवटी तो हात पुरता वर येत नव्हता, नुसती बोटं हलत होती.

"आकडा वाढला का नाही मग?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एवढं होत होतं, तर फोन वाजला का नाही?"

इंजिनिअर जमिनीकडे बघत बोलला. "माणूस हलला की त्या वेळचं मोजमाप खराब धरायचं, असं आपण ठरवलंय ना. हात हलवला, तोंड हलवलं की प्रोग्रॅम ते सगळं टाकून देतो आणि जे स्थिर मिळेल ते धरतो. त्यांचं हृदय खूप जोरात धावत होतं ताई. पण ते हात हलवत होते म्हणून..."

म्हणजे दादा गप्प पडून राहिला असता, तर तिला कळलं असतं. त्याने तिला बोलावलं, म्हणून तिला कळलं नाही. ती खुर्चीत बसून राहिली. तिला दादाचा राग आला, काकूंचा आला, या चष्मेवाल्याचा आला, आणि मग त्या सगळ्यांना ओलांडून तो तिच्यापाशी येऊन थांबला. त्याला पुढे जायला जागाच नव्हती.

प्रोग्रॅम सुधारला गेला; नाडी थांबली की दिव्याची न धरता आता भोंगा वाजवायचा. पण सुधारला की नाही हे प्रत्येक कॅमेऱ्यावर तपासायचं तर तसा नमुना हवा, आणि असा नमुना जगात दुसरा त्यांच्याकडे कुठून असणार? मोठ्या साहेबांनी दादाचं ते चित्र वापरायला तिची परवानगी मागितली. खोटं कशाला बोला, माणूस चांगला होता. हे काम दुसऱ्या कोणाकडे देऊ म्हणाला, तुम्ही पॅकिंगला जा.

"नको," ती म्हणाली. "त्याला दुसऱ्या कोणी असं पाहिलेलं आवडायचं नाही."

त्यामुळे आता बाकीच्या तपासण्या झाल्या की ती खोलीचं दार आतून लावून घेते. नवा कॅमेरा स्टँडवर चढवते, समोरच्या मोठ्या पडद्यावर दादाला लावते आणि बाजूला बसते. दादा मान वळवतो, हात वर करतो, तिला बोलावतो. ती तिथेच असते, अगदी हाताच्या अंतरावर. गालावर हिरवा डाग लुकलुकत राहतो आणि कॅमेरा आता त्याला फसत नाही. दादाची बोटं थांबतात. आकड्याच्या जागी कोरी चौकट येते आणि कॅमेरा भोंगा वाजवतो.

भोंगा वाजला की कॅमेरा पास. ती पासचं बटण दाबते, कॅमेरा उतरवून खोक्यात ठेवते, आणि पुढचा घेते.